गोठा घरीच का करायचा?

आजचा शास्त्रभाग : लेवीय २३:३९–४३, लूक २:१–७, योहान १:१४



नाताळ जवळ आला की दरवर्षी एक प्रश्न कुठून तरी येतोच. कधी तरुण संघाच्या ग्रुपवर, कधी उपासना संपल्यावर चर्चच्या पायरीवर. बाजारात तयार चांदणी मिळते. प्लॅस्टिकचा गोठा मोबाइलवर मागवला की चार-पाच दिवसांत गावात येतो, त्यात मरीया, योसेफ, मेंढरं, मागी लोक सगळे आधीच चिकटवलेले असतात. मग घरभर कागदाचे तुकडे, खळीने चिकट झालेले हात आणि मोडलेल्या तुराट्या हा पसारा कशासाठी? हाताने सजावट करण्यात खरंच काही आत्मिक आहे, की ती आपली नुसती हौस आहे आणि आपण तिला भक्तीचं नाव देतो?

प्रश्न छोटा दिसतो. पण देवाला आपण काय देऊ शकतो, आणि आपल्या हातांचं त्याच्यापुढे मोल काय, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे. म्हणून आज जरा सावकाश मनन करू.

आधी सोपी उत्तरं बाजूला ठेवू

पहिलं उत्तर : पैसे वाचतात. काही वेळा वाचतात, काही वेळा नाही. पतंगी कागद, दोरा, डिंक, एलईडीचा बल्ब, वायर आणि दोन संध्याकाळी यांचा हिशेब मांडला तर तयार चांदणी स्वस्तच पडते.

दुसरं उत्तर : मुलं मोबाइल सोडून बसतात. खरं आहे. पण ती क्रिकेट खेळायला गेली तरी मोबाइल सुटतोच.

तिसरं उत्तर जास्त भक्तिभावाचं वाटतं : हाताने केलेलं देवाला जास्त आवडतं. इथे मात्र थांबायला हवं, कारण पवित्र शास्त्र असं सरळ कुठेच म्हणत नाही. उलट अथेन्स शहरात पौल लोकांना सांगतो की, ज्याने सगळं निर्माण केलं तो हातांनी बांधलेल्या मंदिरात राहत नाही आणि त्याला काही कमी आहे म्हणून माणसांच्या हातांनी त्याची सेवा होत नाही (प्रेषितांची कृत्ये १७:२४–२५). आणि सोन्याचं वासरू? तेही हातानेच केलेलं होतं.

त्या वासराच्या गोष्टीत एक बारीक जागा आहे. निर्गम ३२:४ मध्ये लिहिलंय की अहरोनाने हत्यार घेऊन त्या सोन्याला आकार दिला. पण मोशेने जाब विचारला तेव्हा अहरोन चोविसाव्या वचनात काय सांगतो? लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! जणू कोणाचा हात लागलाच नाही. वस्तू आपोआप तयार झाली.

आता तीनच अध्याय पुढे जा. तीच माणसं, तेच दागिने, तोच डोंगर. पण निवासमंडपाच्या कामात प्रत्येक हाताची नोंद आहे. बसालेल आणि अहलियाब यांची नावं आहेत. ज्या स्त्रियांनी बकऱ्यांच्या केसांचं सूत कातलं त्यांचाही उल्लेख आहे (निर्गम ३५:२६). उस्मानाबादी शेळीच्या आपल्या जिल्ह्यात हे वचन वाचताना मला नेहमी बरं वाटतं. सोनं देणाऱ्यांच्याच यादीत शेळीच्या केसांचं सूत काढणारी बाईसुद्धा आहे.

या दोन प्रसंगांत हात दोन्हीकडे आहेत, पण वासराच्या वेळी हात नाकारला गेला आणि मंडपाच्या वेळी तो कबूल केला गेला. हाताने करणं म्हणजे 'हे मी केलं, याबद्दल मला विचारा' असं म्हणायची तयारी. ही खूण लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

देवाने घरं असलेल्या लोकांना झोपडी बांधायला सांगितलं

आजचा मुख्य भाग लेवीय २३ मधला आहे. मांडवांचा सण. पीक गोळा करून झाल्यावर सात दिवसांचा हा सण. देवाची आज्ञा अशी की, चांगल्या झाडांच्या फांद्या, खजुरीच्या झावळ्या, ओढ्याकाठच्या वाळुंजांच्या डहाळ्या घ्या, मांडव घाला आणि सात दिवस त्यात राहा.

ही आज्ञा कोणाला आहे? बेघरांना नाही. जे देशात जन्मले, ज्यांना पक्की घरं आहेत, त्यांना. कारणही लगेच दिलंय : मिसर देशातून आणताना देवाने त्यांच्या पूर्वजांना मांडवांत राहवलं होतं, हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून.

आता विचार करा. नुसती माहितीच द्यायची असती तर दरवर्षी तो इतिहास मोठ्याने वाचला असता तरी चाललं असतं. पण देव म्हणतो, फांदी तोडून आणा, बांधा, आत बसा. काही आठवणी कानातून आत जात नाहीत, त्या हातातून जातात. छपरातून चांदणं दिसल्याशिवाय, रात्री गार वारा लागल्याशिवाय, पायाखाली माती आल्याशिवाय 'आपण एकेकाळी असे होतो' हे वाक्य खरं वाटत नाही.

नहेम्या ८ मध्ये बंदिवासातून परतलेले लोक हेच करतात. डोंगरावर जाऊन फांद्या आणतात, आपापल्या गच्चीवर आणि अंगणात मांडव घालतात, आणि शास्त्र सांगतं की त्या वेळी फार मोठा आनंद झाला. मांडवाची देवाला गरज नव्हती, ती लोकांना होती. आपल्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं असं मला वाटतं.

आपल्याकडच्या कोप्या

धाराशिव-लातूर भागातल्या वाचकांना मांडवांचा सण समजावून सांगायची फारशी गरज नाही. मार्गशीर्ष अमावस्येला आपल्याकडे येळवस असते. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी केली जाते, आणि तिच्याभोवती भज्जी, आंबील, उंडे, खीर असा सगळा बेत. २०१९ साली येळवस २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. २०२२ साली ती २३ डिसेंबरला होती. शेजारच्या शेतात कोपी उभी आणि आमच्या घरात गोठा, दोन्ही एकाच कडब्याचे. शेजाऱ्यांच्या शेतात पंगतीला बसायचं आणि आपल्या घरची करंजी त्यांच्याकडे पाठवायची, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय. त्यांची श्रद्धा वेगळी, आमची वेगळी. पण शेतात उभं राहून हाताने आडोसा बांधणं म्हणजे काय, हे या भागातल्या सगळ्यांच्याच हातांना माहीत आहे.

आमच्या घरी नाताळच्या आधीचा एक शनिवार यासाठी राखून ठेवलेला असतो. मी पुण्याहून येतो, लॅपटॉप बॅगेतच राहतो. चांदणीसाठी सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्यायच्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या. कामट्या एकमेकींच्या वरून-खालून गेल्या पाहिजेत, म्हणजे त्या एकमेकींना धरून ठेवतात. मग दोन्ही चांदण्या टोकांना एकत्र बांधून मधल्या पाच जोडांच्या ठिकाणी बोटभर काड्या आडव्या बसवायच्या, की चांदणी फुगते. वरून पतंगी कागद, चिकटवायला मैद्याची खळ. दिवाळीच्या आकाशकंदिलाचंच हे शास्त्र.

१८३० च्या दशकात जर्मनीत नीस्की इथल्या मोरेव्हियन पंथाच्या शाळेत मुलांना भूमिती कळावी म्हणून कागदाचा अनेक टोकांचा तारा करून घेत. पुढे तोच तारा जगभर नाताळचा तारा म्हणून ओळखला जाऊ लागला. मुलांना जे फळ्यावर कळत नाही ते हातात कळतं, हे त्या शिक्षकांना ठाऊक होतं.

गोठ्यासाठी कडब्याची धाटं, तुराट्या आणि सुतळी. बैल बहुतेक वेळा पोळ्याला आणलेल्या मातीच्या जोडीतलाच असतो, एक शिंग मोडलेला. लूकच्या शुभवर्तमानात बैल नाही आणि गाढवही नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? ते दोघे यशया १:३ मधून आपल्या गोठ्यात आलेत. तिथे देव तक्रार करतो की, बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, पण माझ्या लोकांना कळत नाही. म्हणजे गोठ्यातला बैल शोभेचा नाही. तो आपल्याला प्रश्न विचारत उभा आहे.

मागच्या वर्षी माझ्या मुलीने गोठ्याला पुठ्ठ्याचं दार लावायला घेतलं. बाळाला थंडी वाजेल म्हणून. आई बाजूला बसून धाटं निवडत होती. ती म्हणाली, "दार नको गं लावूस बाळा. कोपीला दार नसतंय. आम्ही पत्रे टेकवून राहत होतो तवा पोतं लावायचो."

"आजी, तुम्ही पत्रे टेकवून का राहत होता?"

मग आईने सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली आणि उमरगा भागातली, आजच्या लोहारा तालुक्यातली, दगडामातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. पलीकडे लातूर जिल्ह्यात किल्लारीची तीच गत. हजारो माणसं गेली. जी वाचली ती आधी उघड्यावर, मग पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. त्या वर्षीचा नाताळ शेडमध्येच झाला. मदतीच्या सामानाचं एक खोकं होतं, त्याच्या पुठ्ठ्याची चांदणी आजोबांनी कापली आणि पत्र्याला तारेने बांधली.

भूकंपाची तारीख मला शाळेपासून पाठ आहे. पोत्याची आणि पुठ्ठ्याची गोष्ट मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आई ती लपवत होती असं नाही. तिला ती सांगायला हातात कडबा लागला. आणि कोणीतरी दार लावायला लागलं.

लेवीय २३:४३ मध्ये देव म्हणतो, पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून. माझ्या मुलीला कळलं. तिने पुठ्ठ्याचं दार काढलं आणि गोणपाटाचा तुकडा लावला. आमच्या गोठ्याला आता पोत्याचं दार आहे. असा गोठा कुठल्या दुकानात मिळणार?

आतलं दिसू नये अशी सोय

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या कामातलं निम्मं कौशल्य म्हणजे आतलं झाकणं. वापरणाऱ्याला बटण दिसावं, त्यामागची भानगड दिसू नये. आम्हीही दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग वापरतो आणि त्यांच्या आत काय चाललंय ते बघत नाही. बघत बसलो तर काम पुढे जाणार नाही. हे चांगलं आहे, याशिवाय आजचं जग चालणार नाही.

तयार गोठाही असाच असतो. त्याचं छप्पर प्लॅस्टिकचं, गवत रंगवलेलं, गव्हाण पाळण्यासारखी गोंडस. त्यात काही पाप नाही. पण लूक २:७ ची बातमी नेमकी त्या झाकलेल्या भागात आहे. जागा नव्हती. बाळ गव्हाणीत ठेवलं. गव्हाण म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. जनावराची लाळ, कडब्याचा भुसा, शेणाचा वास. ज्याने बैलापुढे वैरण टाकलीय त्याला माहीत आहे की तिथे लेकरू ठेवणं ही कुठल्याही आईची पहिली पसंती नसते.

आसिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री खरी गव्हाण, खरं गवत, जिवंत बैल आणि गाढव आणून गोठा मांडला, तो यासाठीच. बाळाला सोसावी लागलेली गैरसोय डोळ्यांनी बघता यावी म्हणून. गोठ्याच्या देखाव्याची परंपरा त्या रात्रीपासून पसरली असं मानतात. म्हणजे गोठा मुळात सजावट नव्हताच. तो झाकलेलं उघडून दाखवणारा होता. आठशे वर्षांत आपण त्यालाच सजवून पुन्हा झाकून टाकलं.

हाताने करताना ते झाकण निघतं. छप्पर कशाचं? वारा कुठून येतो? गव्हाण केवढी, बाळ मावेल का? चिमुकली कोपी बांधतानाही हे प्रश्न येतातच. हात सावकाश चालतो, म्हणून मनाला बघायला वेळ मिळतो. आपण देवाला यात काही जास्त देत नाही. त्याने काय केलं ते आपल्याला नीट दिसतं, एवढंच. पण हे एवढंच पुष्कळ आहे.

आता अवघड प्रश्न

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण कोपी हा शब्द आपल्या जिल्ह्यात आणखी एका ठिकाणी चालतो, आणि तिथे तो गोड नाही.

दिवाळी झाली की भूम, वाशी, कळंब या बाजूने ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. बीडची तर जातातच. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडात राहायचं. कारखान्याच्या आसपास किंवा फडाच्या कडेला त्यांच्या झोपड्या असतात : बांबू, पाचट, ताडपत्री, प्लॅस्टिकचा कागद. त्यांनाही कोपीच म्हणतात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, म्हणजे नाताळ त्याच्या ऐन मध्यावर येतो. बाया पोटुशा असतानाही मोळ्या बांधतात, आणि फडावर बाळंतपणं होतात ही आपल्याकडे नवी बातमी नाही.

आता लूक २ पुन्हा वाचा. दूर कुठेतरी बसलेल्या माणसाचा हुकूम. एक गरीब जोडपं. बाईचे दिवस भरलेले. घरापासून लांब. जागा नाही. बाळ जनावरांच्या जागेत.

म्हणजे आपण दिवाणखान्यात जी कोपी सजावट म्हणून मांडतो, तीच कोपी त्याच रात्री, काही कोसांवर, कोणाचं तरी घर आहे. मग एखाद्याच्या हालांची आपण आरास करायची का? हे योग्य आहे का? घरी गोठा करावा की आणावा, यापेक्षा मला हा प्रश्न जास्त टोचतो. प्लॅस्टिकचा गोठा निदान परक्या देशातला वाटतो. कडब्याचा गोठा आपलाच वाटतो, आणि म्हणून तो मुकाट्याने जाब विचारतो.

कोणी म्हणेल, मग सजावट बंद करा आणि ते पैसे गरिबांना द्या. हेही नवीन नाही. बेथानीत मरीयेने महागाचं सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतलं तेव्हा यहूदा इस्कर्योत हेच बोलला होता (योहान १२). प्रभूने तिची बाजू घेतली. गरीब नेहमी तुमच्याबरोबर आहेत, असं तो म्हणाला, आणि या वाक्याचा आधार घेऊन कितीतरी जणांनी गरिबांकडे पाठ फिरवलीय. पण प्रभू ज्या वचनाकडे बोट दाखवत होता ते अनुवाद १५:११ आहे. तिथे देव म्हणतो की देशात गरीब कायम असणार, आणि म्हणूनच माझी तुला आज्ञा आहे की आपला हात उघड. पहिला अर्धा भाग आपल्याला पाठ आहे, दुसऱ्या अर्ध्याकडे आपलं लक्ष जात नाही.

हात. पुन्हा हातच आला. अहरोनासारखं 'गोठा आपोआप आला' असं आपल्याला म्हणता येत नाही. तो आपण बांधलाय. धाटं आपण निवडली, पोतं आपण लावलं. ज्या हाताने कोपीचं रूप बांधलं त्या हाताला खऱ्या कोपीबद्दल विचारलं जाईल. म्हणून मला वाटतं, घरी केलेल्या गोठ्याचं मोल तो किती सुंदर झाला यावर ठरत नाही. तो बांधणारा हात नंतर उघडतो का, यावर ते ठरतं. उघडला नाही, तर कडब्याचा गोठा आणि प्लॅस्टिकचा गोठा यांत काहीच फरक उरत नाही. कडब्याचा फक्त फोटोत जास्त चांगला दिसेल.

यात आनंदावर विरजण घालायचा हेतू नाही. मांडवांच्या सणात देवाने आठवण आणि आनंद एकाच आज्ञेत दिले आहेत. सात दिवस आनंद करा (वचन ४०) आणि मांडवात राहिलेल्यांना विसरू नका (वचन ४३). दोन्ही एकत्र चालतात. माझ्या आईने भूकंपाचं सांगितलं त्या संध्याकाळी घरात कोणी रडत बसलं नाही. उलट चांदणी लावताना आई सगळ्यात मोठ्याने हसत होती, कारण चांदणीचं एक टोक वाकडं झालं होतं आणि वाऱ्याने ती नेमकी त्याच बाजूला फिरत होती.

आणि देवाने काय केलं?

शेवटी योहान १:१४ कडे येऊ. शब्द देहधारी झाला आणि आपल्यामध्ये राहिला, असं आपण वाचतो. 'राहिला' यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा अर्थ तंबू ठोकणं, डेरा टाकणं असा होतो. योहानाच्या डोळ्यांसमोर रानातला निवासमंडप होता. आपल्या भाषेत सांगायचं तर, देवाने आपल्या शिवारात कोपी टाकली.

ज्याला हातांनी बांधलेल्या मंदिराची गरज नाही, तो हातांनी बांधलेल्या गोठ्यात जन्माला आला. ज्याला माणसाच्या हातांकडून काहीच नको, त्याला एका आईच्या हातांनी कपड्यात गुंडाळावं लागलं. आणि पुढे नासरेथात त्याने स्वतः हातात सुताराची हत्यारं धरली (मार्क ६:३). हातांना एवढा मान दुसऱ्या कोणी दिला? आपल्या हाताने केलेलं देवाला जास्त आवडतं का, असं आपण विचारत होतो. त्याआधी त्यानेच आपल्यासारखे हात घेतले. पुढे त्या हातांत खिळे ठोकले गेले, हेही आपण जाणतो.

जाता जाता एक गोष्ट. यातून कोणी नियम करू नये. ज्या आजी एकट्या राहतात आणि ज्यांची बोटं आता वळत नाहीत, ज्या नर्स ताईंची नाताळला रात्रपाळी आहे, ज्यांच्या घरी या वर्षी दुःख झालंय, त्यांनी विकतची चांदणी लावली म्हणून त्यांचा नाताळ कमी होत नाही. रस्त्याच्या कडेला चांदण्या विकायला बसलेल्या माणसाच्या घरीही चूल पेटायची असते, त्याच्याकडून जरूर घ्या. आणि ज्यांनी घरी केली त्यांनी ती मिरवू नये. पहिलं मडकं वाकडंच होतं, तशी लेकरांनी केलेली चांदणी वाकडी राहू द्या.

आजसाठी

१. या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवून घरातल्या सगळ्यांनी मिळून एक तरी गोष्ट हाताने करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या घंटा, रंगीत कागदाची साखळी, काहीही. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि त्यांच्या लहानपणीचा नाताळ विचारा.

२. गोठा मांडल्यावर दिवे लावण्याआधी लूक २:१–७ घरात मोठ्याने वाचा. मुलांना विचारा : इथे थंडी कुठून येत असेल?

३. तुमच्या गावाजवळ ऊसतोड मजुरांच्या किंवा दुसऱ्या कुणा बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या कोप्या असतील तर नाताळच्या आत एकदा जा. जाताना ब्लँकेट, लेकरांना स्वेटर, थोडा फराळ घ्या. फोटो काढू नका. नाव विचारा आणि थोडा वेळ बसा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुला जागा नव्हती तेव्हा तू गव्हाणीत निजलास. आमचे हात तुझ्यापुढे आणतो, त्यांना खळ लागलीय, कडब्याची कुसं टोचलीत. आम्ही जे बांधलं ते तुला पुरेसं नाही, हे आम्हाला कळतं, तरी तू ते बघायला येतोस म्हणून तुझे आभार मानतो. आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आमच्या लेकरांपर्यंत पोहोचव. आज रात्री जे कोपीत झोपलेत त्यांचं थंडीपासून रक्षण कर. जी आई फडावर दिवस मोजतेय तिला सुखरूप सोडव. आणि आम्ही गोठा बांधून झाला की हात झटकून उठू नये, ते उघडून उठावं, अशी बुद्धी दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.